सातवं प्रकरण

पुस्तकाचं नाव सांगत नाही.
अकरा होती यादीत, त्यातलं हे नववं.
बाकीची दहा लोखंडी कपाटात गेली
त्या दिवशी हे माझ्या उशाशी होतं,
मला कांजिण्या आल्या होत्या म्हणून.

डिचोली. खाणी चालू होत्या तेव्हाची.
पहाटेपासून टिप्परांची रांग,
तुळशीवर, वाळत घातलेल्या गणवेशावर,
पोदेराच्या टोपलीवरच्या फडक्यावर तांबडी धूळ.
पुस्तकांवरही. कुठलं पान किती जणांनी वाचलंय
ते कोपऱ्यातल्या तांबड्या बोटांवरून कळायचं.
पालकसभेत कुणीतरी म्हणालं, मुलं वाचतात कुठे हल्ली.
त्याच सभेत ठरलं, ही अकरा वाचायची नाहीत.

हेडसर वाईट नव्हते.
बंदी हा शब्दही त्यांनी वापरला नाही.
'तूर्तास आत ठेवू' म्हणाले,
पाहुणे येणार म्हटल्यावर कान तुटलेले कप ठेवतात तसं.
तूर्तास म्हणजे किती वर्षं, कुणी विचारलं नाही.
आणि सगळ्यांना ठाऊक होतं
की हे सोबितच्या घरामुळे,
त्याच्या थोरल्या बहिणीमुळे.
तिच्याबद्दल शाळेत बोलायचं नसे.
त्याच्यासमोर 'बहीण' शब्द आला तरी
माणसं खोकायची.

मी बरी होऊन आले, खपल्या अजून गालावर.
मनुजाने ब्लेडने पुस्तकाची शिवण सोडवली,
मासळी साफ करतात तशी, सावकाश.
पाच भाग, पाच जण.
फिजिक्सच्या जर्नलमध्ये डावीकडच्या कोऱ्या पानांवर
उतरवून काढायचं, मग पुन्हा शिवून
बाईंच्या टेबलावर गुपचूप ठेवायचं.

तब्रेजने क्षितिजाचं सगळीकडे शितीज केलं.
(मला अजून तेच बरोबर वाटतं.)
प्राजलला वर्णनांचा कंटाळा,
'इथे झाडं होती' असं लिहून ती पुढे गेली.
सातवं प्रकरण सोबितने मागून घेतलं.
सातव्यात ती मुलगी नदीवर जाते
आणि येत नाही.
मनुजा म्हणाली, दुसरं घे रे.
'हांव बरयतां,' एवढंच म्हणाला.

दोन महिने जर्नलं फिरली.
मी सातवं वाचलं ते सारमानसच्या फेरीत,
कठड्याला टेकून, एका बाजूला माशांची पाटी.
ती नदीपर्यंत जाते. चपला काढते.
तेवढ्यात फेरी लागते. फेरीवाला ओरडतो,
'बेगीन चड गो!'
आणि ती चढते.
पलीकडे मावशीकडे राहते, राहिलेला गणिताचा पेपर देते,
मावशीशी भांडते, सायकल शिकते.
साडेतीन पानं. जागा पुरावी म्हणून
अक्षर शेवटी मुंगीएवढं.
चपला काठावर विसरलेल्या.
दुसऱ्या दिवशी भाऊ आणून देतो.

तेरा वर्षं मला हेच पुस्तक माहीत होतं.

मग पणजीत, ग्रंथालयात, नवी आवृत्ती सापडली,
पांढरीशुभ्र, एकही बोट न उमटलेली.
सातवं प्रकरण दीड पानाचं.
मला वाटलं, छपाईची चूक. पानं गळलीत.
खिडकीशी उभी राहून पुन्हा वाचलं.
चांगलं लिहिलंय. सोबितपेक्षा कितीतरी चांगलं,
हे कबूल करायला हवं,
शेवटचं वाक्य तर श्वास थांबवणारं.
मी पुस्तक जागेवर ठेवलं.
कपाटात नव्हे. पण ठेवलं.

सोबितचं म्हापशाला टायरचं दुकान आहे.
वाचत नाही म्हणतो, वेळ कुठे.
विचारलं, तेव्हा मूळचं वाचलं होतंस का रे पुरतं?
'दोनदा,' म्हणाला.
आणि ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून
बुडबुडे कुठून येतात
ते पाहत राहिला.